गाव एक झालं की



शिरूर तालुक्यातलं करडे गाव. साल १८७४, वर्षअखेर. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या घरंदाज माणसावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि अखेर त्यांचं घर पाडलं. एरवी अशा वेळी गाव हळहळतं आणि आपापल्या कामाला लागतं. करड्यानं सावकारालाच वाळीत टाकलं. त्याचं रान कसायला कोणी तयार होईना, घरकामाला माणूस मिळेना, न्हावी त्याच्या दारात जाईना.

या न्हाव्याचं सावकाराशी वैर होतं का? असेल किंवा नसेलही. पण त्याचं बलुतं गावाकडून यायचं. पुढं इंदापूरकडच्या कळस गावच्या लोकांनी असंच करारपत्र केलं. त्यात ठरलं होतं की, जो सावकाराचं काम करील त्याला जातीच्या पंक्तीला बोलवायचं नाही आणि त्याच्याशी सोयरीकही करायची नाही. म्हणजे जरब एकट्या सावकाराला नव्हती, शेजाऱ्यालाही होती. अशा एकजुटीचं कौतुक करताना हा भाग आपण सोयीनं विसरतो.

ही एकजूट बहिष्कारावरच थांबली नाही. सुपे हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं गाव. १२ मे १८७५ रोजी सुप्याचा बाजार भरला होता. बाजाराला आलेल्या माणसांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, कर्जाची खतं जाळली. यातल्या कित्येकांनी एकेकटं जाऊन, मान खाली घालून, त्याच खतांवर अंगठे उठवले असतील. कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, कर्ज तर जुनंच. राग आधीपासूनच होता, बाजारच्या दिवशी त्याला माणसं मिळाली. शिवाय एक वावडी उठली होती, की सावकारांनी कर्जरोखे परत करावेत, असा थेट राणीचाच हुकूम आला आहे. एकट्याला हे खरं वाटलं नसतं. गावच बोलू लागल्यावर शंका घेणार कोण?

जमाव म्हणजे अविचार, असं आपण सहज म्हणतो. फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये तसं पुस्तकच लिहिलं. मला मात्र इथं ते पूर्ण पटत नाही. हा जमाव नेमका कागद मागत होता. सावकारानं रोखे मुकाट्यानं दिले, तर बहुधा पुढं काही घडत नसे. दार लावून बसला, तर मात्र दार फुटे. बाकी, आग लागलेल्या घरातल्या माणसांना या फरकाचं काय, हा प्रश्न उरतोच.

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सरकारला हा कायदा सुचायला मात्र खतांची होळी व्हावी लागली.