चालत्या आज्ञावलींत नवा साचा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें लहानसें गांव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार-क्रमांक याच गांवीं रंजना सोनवणे यांस देण्यांत आला. पुढें कोट्यवधि लोकांच्या बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा ताडून पाहण्याचें काम प्राधिकरणानें एकाच पुरवठादारावर न सोंपवितां तिघांच्या प्रणाली जोडल्या, आणि त्या सर्वांस एकच ठरीव करार घालून दिला.

असा करार हाच संगणकशास्त्रांतील एका युक्तीचाहि पाया आहे. सिम्युला ६७ या नॉर्वेंतील भाषेपासून आज्ञावलींत ‘वर्ग’ म्हणजे साचा, व त्यांतून घडलेल्या ‘वस्तु’, अशी रचना रूढ झाली. बहुधा सारे साचे आज्ञावली रचतांनाच ठाऊक असतात. परंतु ठसे घेणारें यंत्र उद्यां कोणत्या कारखान्याचें येईल, हें आज कोणीं सांगावें?

१९९५ सालीं पुढें आलेल्या जावा भाषेंत यावर तोड आहे. हव्या त्या वर्गाचें नांव एका साध्या फाईलींत लिहून ठेवतात. आज्ञावली चालूं असतां ‘क्लास लोडर’ हें नांव वाचतो, वर्ग शोधून स्मृतींत आणतो. तेथें त्याची तपासणी होते व त्यांतून वस्तु घडते. मूळ आज्ञावलीस कारखान्याची ओळख नसते. ‘ठसा घे’ एवढी आज्ञा पाळण्याचा करार तिला पुरतो. यंत्र बदललें, तरी ती पुन्हां लिहावी लागत नाहीं.

मात्र या सोयीला मोल पडतें. एरव्हीं नांवांतील चूक भाषांतरक यंत्रणा रचणाऱ्याच्या मेजावरच पकडते. येथें नांव म्हणजे केवळ अक्षरें. एक काना चुकला तरी ती यंत्रणा गप्प राहते. चूक उघडकीस येते ती केंद्रावर, दिवसाची मजुरी बुडवून रांगेंत उभ्या राहिलेल्या बाईसमोर!

म्हणून जाणता रचनाकार केंद्र उघडतांनाच सर्व वर्ग आणवून पाहतो, पहिल्या माणसाची वाट पाहत नाहीं. आलेला वर्ग मूळ आज्ञावलीच्याच अधिकारानें वावरतो, हें ओळखून तो विश्वासू ठिकाणाहूनच घेतो. आणि वर्ग न मिळाल्यास काय करावें, हेंहि आधींच लिहून ठेवतो. निवड लांबणीवर टाकण्याची मोकळीक त्यानें स्वतःच्या सोयीसाठीं घेतलेली असते. तिचा भुर्दंड रांगेंतल्या बाईवर पडूं नये.