अर्धशिशी, दाह आणि पूरक गोळ्या



विनयपिटकातील महावग्गात आयुष्मान पिलिंदवच्छ यांच्या डोकेदुखीची हकीकत आहे. भगवंतांनी प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुज्ञा दिली. गुण आला नाही. मग नाकावाटे औषध घेण्याची दिली. तेही पुरले नाही, तेव्हा औषधी धुराची. उपाय करून पाहावा, गुण न आल्यास पुढे जावे, ही रीत आज आठवण्याचे कारण म्हणजे परळ-लालबागच्या चाळींतून अर्धशिशीसाठी ‘दाह कमी करणाऱ्या’ पावडरींचे डबे ओळखीपाळखीतून विकले जातात. रोजंदारी बुडालेली भगिनी काहीही घ्यायला तयार होते.

दाह हा शब्द खोटा नाही. मेंदूच्या आवरणाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो, तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो. पण ही गुडघ्याची सूज नव्हे. हळदीतील कर्क्युमिनवर इराणात लहान प्रयोग झाले आहेत. आशा आहे, इतकेच. आमटीतली चिमूटभर हळद म्हणजे ते औषध नव्हे.

अधिक भक्कम पुरावा माशांचा आहे. २०२१ साली अमेरिकेत १८२ रुग्णांवरील १६ आठवड्यांचा आहारप्रयोग प्रसिद्ध झाला. ओमेगा-३ असलेले मासे वाढवल्यावर, नेहमीच्या आहाराच्या तुलनेत, डोकेदुखीचे महिन्याला सुमारे दोन दिवस कमी झाले; सोबत लिनोलिक आम्लाची तेले कमी केल्यावर सुमारे चार. तरी रोजच्या जगण्यावरील त्रासात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे बांगडा आणि तारली हे असे तेलकट मासे. सूर्यफुलाच्या तेलात तळण्यापेक्षा कालवण बरे.

ब-२ जीवनसत्त्वाचा १९९८ चा प्रयोग ५५ रुग्णांवर झाला. रोज ४०० मिलिग्रॅम, तीन महिने. ५९ टक्के रुग्णांचा त्रास निम्म्याने वा अधिक घटला. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांचा. गंमत अशी, की ती गोळी दाहासाठी नव्हे, पेशींच्या ऊर्जेसाठी दिली होती! मॅग्नेशियमचाही काहींना उपयोग होतो. मात्र जुलाब होतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘वनस्पती आहे, अपाय कसला?’ असे म्हणणाऱ्यांना बटरबरची गोष्ट सांगावी. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली तिची शिफारस केली आणि यकृताला धोका दिसल्यावर २०१५ साली मागे घेतली.

विद्यार्थ्यांनी घरी एक वही घालावी: दुखण्याचा दिवस, घेतलेली गोळी, झोप, उपास. एका वेळी एकच पूरक गोळी, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. तीन महिन्यांत वहीत फरक दिसला नाही तर बंद. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा वा अधिक दिवस घेतली, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. तसे आढळल्यास ती वही घेऊन १९२६ पासून गोरगरिबांना आधार असलेल्या आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जावे. डोके एकाएकी प्रचंड दुखले, बोलणे अडखळले किंवा हातापायातले बळ गेले, तर वही शोधत बसू नये. रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

नमो बुद्धाय, जय भीम!