जुने घर घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घर पहावे बांधून, असे आपण म्हणतो. पण बचतीचे चार पैसे जमले की नांदेडच्या नाहीतर लातूरच्या जुन्या वस्तीत तयार घर घ्यावे आणि निम्मा भाग भाड्याने द्यावा, असा विचार आपल्यापैकी पुष्कळजणी करतात. विचार चांगला आहे. फक्त इसार देण्याआधी त्या घराची दुरुस्ती केवढ्याला पडेल, हे काढले पाहिजे.

आपल्याकडची जुनी घरे बहुधा दगडमातीची आणि वर माळवद. तेव्हा पाहणी माळवदापासूनच सुरू करावी. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी वर माती चढते. जुनी मात्र कोणी उतरवीत नाही. दाबलेली माती घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट थर असला, तर पावणेसात टन ओझे झाले! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी अशाच घरांत. भिंती चांगल्या रुंद होत्या. पण आतले नि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, मध्ये नुसती माती आणि कपच्या. हादऱ्यासरशी भिंती फुटल्या आणि धाबे खाली आले. त्या वेळी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा गणला जाई. म्हणून रुंद भिंत पाहून भुलू नये. मार्च २०२४ मधले हिंगोलीकडचे धक्के नांदेडकरांनाही जाणवले होते.

आता लाकूड पाहू. तुळईचे टोक भिंतीत शिरते आणि खांबाचा बुंधा जमिनीला टेकतो, तिथे अणकुचीदार खिळा टोचून पहावा. भुसभुशीत लागले, तर वाळवी किंवा ओल आत गेली आहे असे समजावे. भिंतीला फुगारा आहे का, पायाशी लोणा लागला आहे का, हेही पहावे. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर पायाही हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला असेल, तर मालकाला विचारून त्यावर प्लास्टरची पट्टी लावावी व तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे. एकाच जागी ताजा रंग दिसला, तर तिथे दुप्पट निरखावे. पाण्याचीही चौकशी करावी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही.

मग गवंडी आणि सुतार यांच्याकडून वेगवेगळा अंदाज लिहून घ्यावा. मोठा व्यवहार असेल तर अभियंत्याची फी वाचवू नये. कामाचे तीन भाग करावेत: राहायला जाण्यापूर्वीचे, वर्षभरात करायचे आणि थांबले तरी चालेल असे. माळवदाची माती कमी करणे, भिंतीची दोन्ही अंगे जोडणारे लांब दगड बसविणे, ही किल्लारीनंतर तज्ज्ञांनी सुचविलेली कामे पहिल्या भागात येतात. फरशी आणि रंग शेवटच्या.

समजा, त्याच गल्लीत तसेच धड घर २४ लाखांना जाते. आपल्या घराला दुरुस्ती ६ लाख. भिंत उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी आणखी १ लाख धरा. मग १७ लाखांच्या वर जाऊ नये. मालक २० वर अडून बसला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. ‘स्वस्तात मिळते आहे’ या शब्दाने घरातल्या बायकांची साठवण आजवर पुष्कळदा बुडाली आहे.

आणखी एकच सांगते. भाडे आपण घेऊ, पण त्या छताखाली दुसऱ्याची लेकरे निजणार आहेत. तेव्हा पहिला खर्च छताचा. तो परवडत नसेल, तर ते घर आपल्याला परवडत नाही, असे खुशाल समजावे.