तेलातला कॉम्प्युटर



"आयटीतलं काहीतरी सांग" असं संयोजकांचं फर्मान आहे. तुम्हाला कृत्रिम बुद्धिमत्तेची धास्ती वाटली असेल, पण मी तेलावर बोलणार आहे.

गेल्या मे महिन्यात इथून, पालीहून, माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, कॉम्प्युटर तापून बंद पडतोय. तेलात बुडवू का?" घरात तेवढा एकच कॉम्प्युटर, आणि त्याचा डिप्लोमाचा सगळा अभ्यास त्यावरच. मागून ताईचा आवाज, "अगं, याला समजाव!"

पण त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. नाक्यावरची डीपी आठवा. त्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेलच असतं. खनिज तेल वीज वाहू देत नाही, उष्णता मात्र वाहून नेतं. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाची सर्किटंसुद्धा अशाच एका वीजरोधक द्रवात बुडवलेली होती.

सरांनी चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकून अभिसरण दाखवलं होतं, तेच इथे चालतं. तापलेलं तेल वर जातं, निवलेलं खाली येतं. तेवढ्याच तापमानवाढीसाठी तेल हवेच्या हजारपटीहून जास्त उष्णता पोटात घेतं, म्हणून सुरुवातीचे काही तास यंत्र कसं थंडगार! पण उष्णता नाहीशी थोडीच होते? हळूहळू त्या टाकीचं उन्हेऱ्याचं कुंड होतं. मग पंप हवा, रेडिएटर हवा आणि रेडिएटरवर पंखा. म्हणजे पंखा परत आलाच, आणि हवा तीच, पालीच्या मे महिन्यातली.

शिवाय गोडं तेल खवट होतं, खोबरेल थंडीत थिजतं. नेहमीची हार्ड डिस्क बुडवता येत नाही, तिला आत हवा लागते. केशाकर्षणाने तेल वायरींमधून चढून टेबलावर ठिबकतं. दुरुस्ती करायची तर कोपरापर्यंत तेल. आणि आपला पाऊस! तेलात दमटपणा शिरला की त्याची वीज अडवायची ताकद घटते. म्हणून तर ट्रान्सफॉर्मरला श्वास घ्यायलाही सिलिका जेलची डबी असते. तिच्यातले निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात. घरच्या काचेच्या टाकीला ही डबी कोण लावणार?

मी स्वच्छ सांगितलं, अभ्यासाचं यंत्र बुडवायचं नाही. पुढच्या शनिवारी येऊन आम्ही ते उघडलं. प्रोसेसरवरच्या पत्र्यांत धुळीची गोधडीच होती. ती ब्रशने काढली, वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. त्यानंतर तो बंद पडलेला नाही.

तेलाचं वेड मात्र गेलेलं नाही. भंगारातला एक जुना मदरबोर्ड आणि माशांची रिकामी टाकी त्याने मिळवली आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. वीजपुरवठ्याचा डबा टाकीबाहेर ठेवायचा, या अटीवर मी हो म्हटलंय. आता अडलंय एवढंच: सर, तेलात परमँगनेट विरघळत नाही. तेलातलं अभिसरण डोळ्यांना दिसायला काय टाकावं, ते जेवताना सांगाल का?