दोन दारं, दोन आज्ञा



आज मला इमारतीतल्या दोन दारांबद्दल बोलायचं आहे. पहिलं, संकटात बाहेर पडायचं दार. ते आतून, किल्ली न शोधता, नुसत्या ढकलण्याने उघडलं पाहिजे. दुसरं, जिन्याच्या तोंडाशी असलेलं अग्निरोधक दार. ते एरवी मिटलेलंच हवं, तरच धूर जिन्यात शिरत नाही आणि वरच्या मजल्यांवरची माणसं त्याच जिन्याने खाली उतरू शकतात. आपल्याकडे चोरीच्या भीतीने पहिल्याला कुलूप असतं आणि दुसरं वाऱ्यासाठी वीट लावून सताड उघडं ठेवलेलं असतं. वीट लावणारा वॉचमन दुष्ट नसतो. त्या दाराचं काम काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि दारावरही कुठे लिहिलेलं नसतं.

जपानमधल्या ओसाका शहरात १३ मे १९७२च्या रात्री सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीला आग लागली. आग तिसऱ्या मजल्यावर होती आणि माणसं गुदमरली सातव्या मजल्यावरच्या नाइटक्लबमध्ये. ११८ जण गेले. सुटकेचा एक जिना तिथे होता, पण तो सामान ठेवायच्या खोलीमागे, पडद्याआड होता. पुढच्याच वर्षी कुमामोतोमध्ये आणखी एका डिपार्टमेंट स्टोअरला आग लागून शंभरावर माणसं मेली. त्यानंतर जपानने मार्गदर्शक फलकांचा प्रश्न गांभीर्याने घेतला. खुल्या स्पर्धेतून आलेल्या चित्राला युकिओ ओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतिम रूप दिलं. दारातून धावत निघालेला तो हिरवा माणूस तिथून जगभर गेला. तो वाचावा लागत नाही. बिहारहून आलेला कामगार, अक्षरओळख नसलेली आजी, चार वर्षांचं मूल, सगळ्यांना तो कळतो. म्हणून 'एक्झिट' एवढंच इंग्रजीत लिहून मोकळं होणं मला मान्य नाही. चित्र हवंच, आणि सोबत मराठीही हवी.

संकेतांतले रंगही ठरलेले आहेत. सुटकेच्या वाटेला हिरवा, आग विझवायच्या साधनांना लाल आणि पाळायच्याच आज्ञेला निळा. अग्निरोधक दारावर 'हे दार बंद ठेवा' असा निळा गोल फलक दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर लावा. जिन्यात प्रत्येक मजल्याचा आकडा ठळक लिहा. अंधारात उतरणाऱ्याला आपण कुठवर आलो हे कळत नाही.

पण फलक लावला की काम संपलं, असं समजू नका. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ला लागलेल्या आगीत ५९ माणसं मेली. बाल्कनीच्या उजव्या बाजूची बाहेर पडायची वाट आठ खुर्च्यांचा बॉक्स बांधून बंद केली होती आणि वीज गेल्यावर आत काळोख झाला. बंद वाटेकडे बोट दाखवणारा फलक माणसाला मृत्यूकडे पाठवतो, आणि विजेबरोबर विझणारा फलक हवा तेव्हाच दिसेनासा होतो. मुंबईत २०१७च्या डिसेंबरअखेरीस कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात सापडले. घाबरलेला माणूस माहीत असलेल्या दाराकडे धावतो. दुसरं दार त्याला आधीच दिसलेलं असायला हवं.

धूर वर चढतो, त्यामुळे छतालगतचा फलक सर्वांत आधी झाकला जातो. न्यूयॉर्कने २००४च्या कायद्याने उंच कार्यालयीन इमारतींच्या जिन्यांत, पायऱ्यांवर, अंधारात स्वतः उजळणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या केल्या. आपल्या सोसायट्यांना हे सहज परवडेल. लॉबीच्या संगमरवरावर यापेक्षा कितीतरी जास्त पैसा जातो.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कागदावर सही होते आणि फाइल कपाटात जाते. येत्या जुलैत त्या संस्थेच्या माणसाबरोबर तुमच्यापैकी दोघांनी गच्चीपासून फाटकापर्यंत चालत या. जिन्यातले दिवे बंद करायला लावा. प्रत्येक फलक दिसतो का आणि तो दाखवतो ते दार खरंच उघडतं का, हे स्वतः ढकलून बघा. उघडलं नाही, तर कुलूप काढेपर्यंत त्या प्रमाणपत्रावर सही होऊ देऊ नका.