मुले वाढवता वाढवता आपणही वाढू या

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका बालवाडी शिक्षिकेने केलेले भाषण)





या व्यासपीठावर दरवर्षी मुलांच्या प्रगतीविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला पालकांच्या प्रगतीविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, आमची प्रगती आता कसली? घरात एक मूल पाळण्यात, दुसरे पदराला धरून, तिसऱ्याची शाळेची तयारी. अशा वेळी स्वतःसाठी काही करायचे म्हटले की आपले ठरलेले उत्तर असते, ‘मुले जरा मोठी होऊ द्यात, मग बघू.’ मीही हेच म्हणत होते. त्या म्हणण्याची किंमत मला काय द्यावी लागली असती, ते प्रथम सांगते.

आमचे गाव बाणकोट खाडीच्या काठी. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आठवीची शाळा तरीच्या पलीकडे होती, म्हणून शाळा सुटली. अठराव्या वर्षी लग्न झाले. यजमान नोकरीसाठी मस्कतला. घरात सासूबाई, मी आणि मुले. शाळा सुटल्यावर मी कधी अक्षर वाचले नाही. कोणी मना केली नव्हती. गरजच पडली नाही. यजमानांचे पत्र आले की शेजारचा शाळकरी मुलगा वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिही.

१९९२ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या मुलाला जुलाब लागले. तो तेव्हा चौदा महिन्यांचा होता. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी क्षारसंजीवनीची दोन पाकिटे दिली आणि कशी द्यायची ते सांगितले. मूल कडेवर रडत होते, बाहेर पाऊस कोसळत होता. मला अर्धे ऐकू आले आणि मी मान हलवली. घरी आल्यावर पाकीट हातात घेतले. त्यावर सर्व काही छापलेले होते. पण अक्षरे लावायला वेळ लागू लागला आणि सासूबाई बघत होत्या. मला लाज वाटली. मी अख्खे पाकीट एका पेल्यात ओतले आणि चमच्याने मुलाला पाजू लागले.

संध्याकाळपर्यंत मूल पाण्यासाठी तळमळू लागले, मग सुस्त पडले. शेजारचा मुलगा पत्र वाचायला म्हणून आला होता. त्याने पाकीट उचलून सहज वाचले, ‘एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात.’ पाकिटातले मीठ-साखर एक लिटर पाण्याच्या मापाने घातलेले असते. तेच पेलाभर पाण्यात घातले तर अंगात मीठ वाढते आणि औषधच अपाय करते. हे मला नंतर कळले. त्या रात्री आम्ही मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. अल्लाहच्या कृपेने मूल वाचले. डॉक्टरांनी मला विचारले, “बाई, शिकलात किती?” मी म्हटले, “सातवी पास.” दाखल्यावर तसेच लिहिले होते. पण तो दाखला पेटीत होता आणि माझे वाचन केव्हाच गेले होते.

पालकहो, त्या दिवशी मला कळले की शिकलेले शिक्षण तसेच राहत नाही. रोज हात लागला नाही तर ते गंजते. आणि आईबापाचा गंज मुलाला बाधतो.

घरी परतल्यावर मी ठरवले की रोज वाचायचे. पण वेळ कोठला? पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस डोळ्यांसमोर आणला तेव्हा एक वेळ सापडली. सकाळी दूध तापत ठेवले की ते उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभे राहावेच लागते. पाच-सात मिनिटे. ती माझी शाळा झाली. पुस्तक नव्हते. वाण्याकडून साखर, डाळ, चहा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून येई. ते कागद मी सरळ करून फडताळात ठेवू लागले. रोज एक कागद, मोठ्याने, मूल कडेवर घेऊन.

पहिले काही दिवस एक ओळ लावेपर्यंत दूध उतू जाई. सासूबाई बडबडत. पुढे पुढे त्या चुलीजवळ येऊन बसू लागल्या आणि विचारू लागल्या, “आज काय लिवलाय गो?” कागद मध्येच फाटलेला असे. बातमी अर्धी राहिली की त्या वाण्यालाच दोष देत. दूध आल्याची खूण आम्ही कॅलेंडरवर करत होतो. त्याच चौकोनात मी वाचनाचा एक ठिपका देऊ लागले. महिन्याच्या शेवटी किती ठिपके पडले ते सर्वांना दिसे.

वाचन सुरळीत झाल्यावर मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत रोज एक ओळ लिहू लागले. ‘आज मुलगा धरून उभा राहिला.’ ‘आज छपराची कौले फिरवली.’ वर्षभराने मी यजमानांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. पूर्वी पत्रात खुशाली आणि पैशांचा हिशेब एवढेच असे. शेजारच्या मुलाला मनातले काय सांगणार? यजमानांचे उत्तर आले, ‘हे अक्षर कोणाचे?’ ते उत्तर मी स्वतः वाचले.

पुढे फॉर्म नंबर १७ भरून मी बाहेरून दहावीला बसले. गणितात नापास झाले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसले आणि पास झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. घर सोडता न येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी ते दार उघडले. तेथून मी पदवी घेतली. ही माझी हुशारी नव्हे. ती पाच-सात मिनिटे रोज साठत गेली, एवढेच.

मी काही नवीन केले असेही नाही. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात राससुंदरी देवी नावाच्या एक गृहिणी होऊन गेल्या. त्यांना बारा मुले झाली. बाईने वाचणे हेच त्या काळी पाप समजले जाई. त्यांनी घरातल्या पोथीचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपवले, आणि मुलगा ज्या ताडपत्रावर अक्षरे गिरवी ते एक ताडपत्रही घेतले. दोन्हींतील अक्षरे ताडून पाहत, कामाच्या मधून चोरलेल्या क्षणांत त्या वाचायला शिकल्या. १८७६ मध्ये त्यांचे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मुलाचे गिरवण्याचे पान हेच आईचे पहिले पुस्तक झाले, ही गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी अशी आहे.

आता सवय कशी लावावी याविषयी अनुभवाचे चार शब्द.

पहिली गोष्ट, नव्या सवयीसाठी नवा वेळ शोधू नका. जे काम रोज होतेच, त्याला ती बांधा. दूध तापवणे, फजरची नमाज, मुलाला झोपवणे, एस.टी.ची वाट पाहणे. आपल्या दिवसाला अशा ठरलेल्या खुंट्या आहेत, त्यांवर सवय टांगा.

दुसरी गोष्ट, सवय इतकी लहान असू द्या की मूल तापाने फणफणत असेल त्या दिवशीही ती होईल. एक पान जमले नाही तर एक ओळ. थोडे पण नित्य केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तिसरी गोष्ट, घाई करू नका आणि खंड पडला म्हणून सोडू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यात आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले. माझ्या तिसऱ्या बाळंतपणानंतर तीन महिने कॅलेंडरवर एकही ठिपका नव्हता. चौथ्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

चौथी गोष्ट मी पुरुष पालकांना उद्देशून सांगते. रागावू नका. घरातल्या बाईला दहा मिनिटे मिळावीत यासाठी त्या दहा मिनिटांत मूल कोणीतरी सांभाळले पाहिजे. माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हते. पण धाकटीला मांडीवर घेऊन त्या म्हणत, “तू वाच.” माझ्या पदवीत त्यांचा वाटा माझ्याहून कमी नाही. आणि ही सवय बापांनीही लावून घ्यावी. बाप मोबाईल बघत बसला आणि मुलाला म्हणाला ‘अभ्यास कर’, तर मूल मोबाईलच शिकते.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापैकी अनेकांना बक्षिसे मिळतील. घरी गेल्यावर तुमचे बक्षीसपत्र आईच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आई, तू वाचून दाखव.’ ती अडखळली तर हसू नका. थांबा. तिने तुमच्या पहिल्या पावलाला किती वेळा थांबून हात दिला असेल, ते आठवा. दुसऱ्या दिवशी दुसरे काही वाचायला द्या.

ज्या मुलासाठी मी वाचायला बसले तो आज स्वतः बाप आहे. गेल्या महिन्यात नातवाला खोकला झाला तेव्हा त्याने औषधाची बाटली माझ्याकडे दिली आणि म्हणाला, “मा, किती द्यायचे ते तूच वाच.” त्याला तो पावसाळा आठवत नाही. मी चष्मा लावला, दोनदा वाचले आणि मगच चमचा भरला.

उद्या सकाळी आपल्या प्रत्येकाच्या घरी दूध तापणार आहे. त्या पाच मिनिटांचे काय करायचे, एवढे आजच ठरवून येथून उठा, अशी विनंती करते.