पासिंग किती?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वेळ दिली आणि विषय माझ्यावर सोडला. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे पुष्कळ आहेत, तेव्हा मी आपला माझ्या कामाबद्दल बोलतो. ट्रक आणि बस यांची लांबी, रुंदी, उंची आणि वजन किती असावं याचे देशोदेशींचे नियम असतात. ते वाचायचे आणि गाडी त्यांत बसवायची, हे माझं काम. त्यातली सात वर्षं मी स्वित्झर्लंडमधल्या बाझल या गावी काढली, ट्रेलर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी. "यात सात वर्षं करण्यासारखं काय असतं?" असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं आहे. काल रात्री आपल्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्रानेही विचारलं. नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत बसला आहे.

बाझलला तीन देश एकमेकांना भिडतात. घरून सायकल काढली की अर्ध्या तासात फ्रान्स, जर्मनी आणि परत स्वित्झर्लंड असा फेरा होतो. सायकलीला कोणी विचारत नाही. चाळीस टनांच्या ट्रकला मात्र प्रत्येक सीमेवर एकच प्रश्न असतो, आणि आपल्याकडचे ड्रायव्हर तो नेमक्या शब्दांत विचारतात : पासिंग किती?

आता गणिताच्या बाई समोर आहेत, म्हणून एक उदाहरण. रस्त्याची झीज गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एकेका ॲक्सलवर किती भार येतो त्यावर ठरते. ॲक्सल म्हणजे आपल्या बैलगाडीचा आख. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले आणि रस्ता कसकसा फुटतो ते मोजलं. ढोबळ निष्कर्ष असा की झीज ॲक्सलभाराच्या चौथ्या घाताने वाढते. मोटारगाडीच्या एका ॲक्सलवर समजा अर्धा टन, ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन. भार वीसपट. झीज वीसचा चौथा घात, म्हणजे एक लाख साठ हजारपट! बाई, बरोबर ना? आणि दुसऱ्या रांगेसाठी खास : ॲक्सलवर वीस टक्के जादा भार आला की झीज दुपटीहून थोडी जास्त होते. जादा भाडं ज्याला मिळतं तो एक, आणि रस्ता ज्याचा खराब होतो ते दुसरेच. वजनाच्या नियमाची सगळी भानगड या एका वाक्यात आहे. गाडी एका देशातून दुसऱ्या देशात गेली की "दुसरे" म्हणजे परके लोक होतात, मग तर विचारूच नका.

युरोपात देश एकत्र येऊन व्यापार करायला लागले तेव्हा हाच वाद उभा राहिला. फ्रान्समध्ये चालत्या ॲक्सलवर तेरा टन चालायचे, जर्मनीत दहा. फ्रेंच कारखान्यांनी तेराच्या हिशेबाने गाड्या बनवलेल्या, जर्मनांनी दहाच्या हिशेबाने रस्ते बांधलेले. शेवटी ठरला साडेअकरा. तेरा आणि दहा यांची सरासरी काढून बघा! शास्त्र आपल्या जागी. आकडा मात्र टेबलाभोवती ठरतो. ब्रिटनचं म्हणणं आणखी वेगळं होतं. त्यांचे जुने पूल एवढं वजन पेलणार नव्हते. त्यांनी सवलत मागून घेतली, पूल मजबूत करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि इतरांचे चाळीस टन १९९९ उजाडल्यावर मान्य केले. तोवर त्यांचा आकडा अडतीस होता. मला हे वागणं फार प्रामाणिक वाटतं. आधी पूल, मग सही.

आज युरोपीय संघात जो नियम चालतो तो मुळात १९९६ चा. जोडट्रक साडेसोळा मीटर लांब, चार मीटर उंच, २.५५ मीटर रुंद, सीमा ओलांडताना वजन चाळीस टन. हे आकडे रुक्ष वाटतात, पण त्यांच्या पोटात गमती आहेत. माल ठेवायच्या युरोपीय लाकडी पॅलेटचं माप १.२ बाय ०.८ मीटर. आडव्या तीन ठेवल्या की २.४ मीटर झाले, दोन्ही बाजूंच्या भिंती धरून रुंदी संपली. अशा अकरा ओळी, एकूण ३३ पॅलेट. शीतगृहाच्या गाडीला भिंती जाड लागतात, म्हणून तिला पाच सेंटिमीटर जास्त, २.६० मीटर. त्या पाच सेंटिमीटरांवर मी आयुष्याचे किती महिने घालवले ते घरच्यांना माहीत आहे. तिकडच्या ट्रकचं नाक चपटं का, हेही यातच आलं. लांबी केबिनसकट मोजत आले, त्यामुळे नाक वाढवलं तर माल कमी व्हायचा. अमेरिकेत मोठ्या महामार्गांवर ट्रेलरचीच लांबी बघतात, म्हणून त्यांचे ट्रक सिनेमात लांब नाकाने मिरवतात. ट्रकचा चेहरासुद्धा कायदा घडवतो.

आणि बस. २०१५ साली युरोपाने दोन ॲक्सलच्या बसची वजनमर्यादा अठरावरून साडेएकोणीस टन केली. कारणांपैकी एक कायद्यातच लिहिलं आहे : प्रवाशांचं आणि त्यांच्या सामानाचं सरासरी वजन वाढलं. आजच्या दुपारच्या जेवणाचा बेत बघता आपल्याही एसटीला हा विचार करावा लागेल.

पण मला खरं सांगायचं आहे ते स्वित्झर्लंडचं. हा देश संघाचा सदस्य नाही, आणि जर्मनी-इटलीच्या बरोबर मधे आल्प्स घेऊन बसला आहे. भोवतालच्या सगळ्यांचे ट्रक चाळीस टनांचे, यांची मर्यादा अठ्ठावीस. म्हणजे बाझलच्या नाक्यावर येणाऱ्या ट्रकने माल कमी करावा, रेल्वेवर चढावं, नाहीतर ऑस्ट्रियातल्या ब्रेनर खिंडीतून किंवा फ्रान्समधून वळसा घालावा. भिंत न बांधता बांधलेली ती भिंत होती. स्विस दऱ्यांतल्या गावांना त्यामुळे झोप लागायची. धूर आणि आवाज ब्रेनरच्या गावांच्या वाट्याला जायचा. शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटण्याचाच हा प्रकार, हे तिथल्या माझ्या सहकाऱ्यांनाही मान्य होतं.

१९९४ मध्ये स्विस नागरिकांनी मतदान करून राज्यघटनेत लिहून घेतलं की आल्प्सपार जाणारा परदेशी माल रेल्वेनेच गेला पाहिजे आणि त्या वाटेवरचे रस्ते वाढवायचे नाहीत. संघ म्हणत होता, चाळीस टन सोडा. बोलणी वर्षानुवर्षं चालली. स्विसांनी शेवटी जो तोडगा काढला त्याला मी सलाम करतो. चाळीस घ्या, म्हणाले, पण टनाला आणि किलोमीटरला पैसे मोजा. हा कर लावायचा की नाही यावरही १९९८ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी होकार दिला. २००१ मध्ये मर्यादा चौतीस टन झाली आणि कर सुरू झाला. २००५ मध्ये चाळीस. कर साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना, देशी-परदेशी सगळ्यांना, सगळ्या रस्त्यांवर. धूर जास्त ओकणाऱ्या गाडीला दर जास्त. आणि खुबी अशी की आकारणी प्रत्यक्ष मालावर नाही, गाडीच्या पासिंगवर. गाडी रिकामी नेली तरी तेवढेच पैसे. त्यामुळे रिकामी गाडी पिटाळणं परवडेनासं झालं. पैशाचा मोठा वाटा रेल्वेच्या बोगद्यांकडे गेला, त्यातला ५७ किलोमीटरचा गॉटहार्डचा २०१६ मध्ये उघडला.

हे सगळं गोड गोड झालं असं समजू नका. कर सुरू झाला त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर २००१ ला, गॉटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्यात दोन ट्रक एकमेकांवर आदळून आग लागली आणि अकरा माणसं गेली. त्यानंतर त्या बोगद्यात ट्रक थेंबाथेंबाने सोडतात. २००० साली आल्प्स ओलांडणारे ट्रक सुमारे चौदा लाख होते. २०१८ मध्ये ते साडेनऊ लाखांच्या आत आले. कायद्यातलं उद्दिष्ट मात्र साडेसहा लाखांचं होतं आणि ते गाठता आलं नाही. तरीही व्यापार वाढत असताना ट्रक कमी झाले, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वेडेपणा संघातही आहे. फ्रान्समध्ये देशांतर्गत ४४ टन चालतात, बेल्जियममध्येही ४४. पण फ्रान्समधून बेल्जियमला जाणाऱ्या साध्या ट्रकला नियम चाळीसचा! दोन्ही घरांत चालतं, उंबऱ्यावर चालत नाही.

आता आपलं. २०१८ मध्ये भारताने चार चाकांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. युरोपातल्या चालत्या ॲक्सलचा तोच साडेअकरा. मोठ्या ट्रेलरचं पासिंग ४९ वरून ५५ टनांवर गेलं. हायवेवर ओव्हरलोड धावतंच आहे तर अधिकृत करा, असं आपले मित्र काल म्हणत होते. माझा त्यांना सवाल एवढाच की वाढवलेल्या आकड्याचे पैसे पुलाला कोणी दिले?

सीमेवर तर आपण अजून करारापर्यंतच पोचलो आहोत. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या चालू देण्याच्या करारावर सह्या केल्या. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. छोट्या डोंगरी देशाला आपल्या रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांचा लोंढा नको वाटला, तर त्यात मला बाझलचीच गोष्ट दिसते. पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोलला आपला ट्रक पलीकडे बेनापोलच्या आवारापर्यंत जातो, तिथे माल उतरवतात आणि बांगलादेशच्या ट्रकमध्ये भरतात. हमालाच्या पाठीवरून. परवाने कसे द्यायचे यावर आपण खूप बोलतो. माझं मत असं की आधी दोन्ही बाजूंना सारखा वजनकाटा बसवावा, त्याची पावती दोघांनी मानावी आणि ॲक्सलच्या एका आकड्यावर बसावं. तेरा आणि दहाचा साडेअकरा करायला फार बुद्धी लागत नाही, बसावं मात्र लागतं.

भूगोलाचे सर घड्याळ बघत आहेत. दुसऱ्या रांगेतल्या मित्राचं उत्तर अजून बाकी आहे, ते त्यांनी पंगतीत द्यावं, मी शेजारी बसतो.